जॅकेट न घालणारा पंतप्रधान

ऑक्टोबर १९९५. इस्रायलच्या पंतप्रधानाला त्याच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली माणसं एकच गोष्ट परत परत सांगत होती. गर्दीत जाताना शर्टाच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट घालत जा. पंतप्रधान ७३ वर्षांचा होता. त्यातली २७ वर्षं त्यानं गणवेशात काढली होती, तीन मोठी युद्धं पाहिली होती, समोरून येणाऱ्या गोळ्या त्याला नव्या नव्हत्या. पण आपल्याच देशात, आपल्याच लोकांत मिसळताना चिलखत घालायचं, ही कल्पनाच त्याला पटत नव्हती. त्यानं जॅकेट घातलं नाही.

यित्झॅक राबिन. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे नाव पाठ असेल. ओस्लो करार १९९३, शांततेचं नोबेल १९९४, अराफत आणि पेरेस यांच्यासोबत विभागून. एका मार्काचा प्रश्न, चार पर्याय. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवरचा तो हस्तांदोलनाचा फोटोही कुठेतरी पाहिलेला असतो. मधोमध हात पसरलेले क्लिंटन, एका बाजूला हसणारे अराफत आणि दुसऱ्या बाजूला चेहरा आखडलेला एक म्हातारा.

त्या आखडलेल्या चेहऱ्यामागे काय होतं, ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. हा माणूस संत नव्हता, अहिंसावादी तर मुळीच नव्हता. आयुष्याचा मोठा भाग त्यानं दुसऱ्यांना घर सोडायला लावण्यात, शत्रूला धाक बसवण्यात घालवला. आणि सत्तरी गाठल्यावर त्याच हातानं त्यानं करारावर सही केली.

पाण्याचं इंजिनीअरिंग राहून गेलं

जन्म १ मार्च १९२२, जेरुसलेम. तेव्हा तिथं ब्रिटिशांचं राज्य होतं आणि देशाचं नाव होतं पॅलेस्टाइन. वडील युक्रेनमधून अमेरिकेमार्गे आलेले, आई रोझा कामगार चळवळीतली खंबीर कार्यकर्ती. घरात आईवडील कमी आणि बैठका जास्त. मुलगा १५ वर्षांचा असताना आई गेली. लाजाळू, कमी बोलणारा, गप्पा मारायला बसलं की अवघडणारा असा हा मुलगा मोठेपणीही तसाच राहिला. भाषण करायला उभा राहिला की आवाज एकसुरी, आणि खासगीत हातात सतत सिगारेट.

कादुरी कृषी विद्यालयात तो पहिल्या काही हुशार मुलांत होता. त्याला अमेरिकेत बर्कलीला जाऊन पाण्याचं इंजिनीअरिंग शिकायचं होतं. कोरड्या देशात पाणी कसं खेळवायचं हा त्याच्या आवडीचा विषय. पण दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि १९४१मध्ये तो पाल्माख या ज्यूंच्या भूमिगत लष्करी दलात शिरला. शिक्षण मग राहिलंच. १९४६मध्ये ब्रिटिशांनी त्याला उचलून रफाहच्या छावणीत पाच महिने डांबलं. रफाह, म्हणजे गाझाच्या टोकाचं तेच गाव, जे पुढे वारंवार बातम्यांत आलं.

१९४८मध्ये इस्रायल जन्माला आलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब देशांशी युद्ध सुरू झालं. राबिन २६ वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे एमए करून नोकरी शोधायच्या वयाचा. त्याच्याकडे हारेल ब्रिगेड होती आणि काम होतं वेढ्यात अडकलेल्या जेरुसलेमचा रस्ता उघडा ठेवण्याचं. डोंगरातल्या अरुंद घाटातून अन्नाचे ट्रक न्यायचे आणि वरून गोळीबार. या रस्त्यावर त्याच्या ब्रिगेडमधली कितीतरी पोरं मेली. आपण पोरांना पुरेशा बंदुका न देता मरायला पाठवलं, ही बोच त्याला शेवटपर्यंत राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये आणखी एक प्रसंग झाला. तो लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचं काम आहे. इरगुन या जहाल ज्यू संघटनेचं शस्त्रांनी भरलेलं 'अल्तालेना' नावाचं जहाज तेल अवीवच्या किनाऱ्याला लागलं. शस्त्रं सरकारच्या ताब्यात द्यायला संघटना तयार नव्हती. पंतप्रधान बेन-गुरियन यांनी तोफ डागायचा हुकूम दिला. किनाऱ्यावर तुकडीची सूत्रं राबिनकडे होती. ज्यूंच्या गोळीनं ज्यू मेले, आणि देशाचं वय होतं जेमतेम महिनाभर. इरगुनच्या वारसांनी, म्हणजे पुढच्या उजव्या पक्षांनी, हे कधी विसरू दिलं नाही.

लिद्दा

आता जुलै १९४८. तेल अवीवच्या पूर्वेला लिद्दा आणि रामला ही दोन अरब गावं. इस्रायली सैन्यानं ती जिंकली. प्रश्न आला, हजारो रहिवाशांचं काय करायचं? त्यांना बाहेर काढायचा लेखी आदेश निघाला आणि लिद्दाच्या आदेशावर सही होती मोहिमेचा ऑपरेशन्स ऑफिसर यित्झॅक राबिनची. दोन्ही गावांतून मिळून ५० ते ७० हजार माणसं बाहेर काढली गेली. लिद्दाच्या लोकांना पायी हाकललं. जुलैचं ऊन, डोक्यावर गाठोडी, वाटेत पाणी नाही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं रस्त्यातच गेली.

राबिननं १९७९मध्ये आत्मचरित्र लिहिलं तेव्हा हा प्रसंग त्यात लिहिला होता. हे काम करताना सैनिकांनाही किती जड गेलं, तेही लिहिलं होतं. सरकारी सेन्सॉर समितीनं तो भाग कापला. पुस्तकात तो आलाच नाही, पण अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रानं छापला आणि जगाला कळला. लपवायचं असतं तर त्यानं मुळात लिहिलंच नसतं, हेही त्याच्या खात्यावर धरायला हवं. माफी मात्र त्यानं मागितली नाही.

लिद्दातून बाहेर पडलेल्या त्या लोंढ्यात बैरूतला डॉक्टरकी शिकणारा एक तरुण होता, जॉर्ज हबाश. घरच्यांच्या मदतीला म्हणून तो गावी परतला होता. पुढे त्यानं पॉप्युलर फ्रंट ही जहाल पॅलेस्टिनी संघटना काढली. १९७६मध्ये एअर फ्रान्सचं विमान पळवून युगांडातल्या एन्टेबीला नेलं गेलं, ते याच संघटनेतून फुटलेल्या गटानं. आणि तेव्हा ओलिसांना सोडवण्यासाठी कमांडो पाठवायचे की नाही, याचा निर्णय घेणारा पंतप्रधान होता राबिन. एका सहीचा धागा २८ वर्षांनी असा परत हातात आला.

या लिद्दाचं आजचं नाव लोद. कोकणातून इस्रायलला गेलेली आपली बेने इस्रायली मंडळी ज्या गावांत स्थायिक झाली, त्यात लोद आणि रामला दोन्ही आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये चालवणारा हाच समाज. त्या गावाच्या गल्ल्यांत मराठी ऐकू आली असेल, पण त्याआधी तिथं कोण राहत होतं, हा प्रश्नही त्याच गल्ल्यांत आहे.

ते चोवीस तास

राबिनची जी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, ती युद्ध जिंकल्याची नाही. ती युद्धाच्या आधीची आहे.

मे १९६७. राबिन इस्रायलचा लष्करप्रमुख. इजिप्तच्या नासरनं सिनाईत सैन्य घुसवलं आणि तिरानची सामुद्रधुनी बंद केली. देशभर घबराट होती. सरकार निर्णय घेत नव्हतं आणि सगळे राबिनकडे बघत होते. तो सल्ला मागायला म्हाताऱ्या बेन-गुरियनकडे गेला. धीर मिळण्याऐवजी बोलणीच खावी लागली, तू देशाला खाईत लोटतो आहेस म्हणून. दुसऱ्या दिवशी, २३ मेच्या संध्याकाळी, राबिन कोसळला. झोप नाही, अन्न नाही, सिगारेटवर सिगारेट. त्यानं आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, एझर वाइझमनला, घरी बोलावून पद सोडायची तयारी दाखवली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलं. चोवीस तासांच्या वर देशाचा लष्करप्रमुख अंथरुणात होता. बाहेर सांगितलं गेलं, निकोटिनची विषबाधा झाली आहे.

आज आपण याला अँग्झायटी म्हणू, बर्नआउट म्हणू. तेव्हा असं काही म्हणायची सोय नव्हती, सेनापतीला तर अजिबात नाही. सात वर्षांनी राबिन पंतप्रधानपदाच्या शर्यतीत उतरला, तेव्हा वाइझमननं ही गोष्ट बरोबर वेळ साधून बाहेर काढली. हा माणूस दबावाखाली मोडतो, असा त्याचा सूर. राबिन तरीही निवडून आला.

मधे काय झालं ते माहीतच आहे. तो उठला, कामावर आला आणि जूनमध्ये सहा दिवसांत इस्रायलनं सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या घेतल्या. देशात जल्लोष होता. महिनाअखेरीस हिब्रू विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा त्यानं केलेलं भाषण जल्लोषाचं नव्हतं. मेलेले सोबती आणि समोरच्या बाजूची प्रेतं पाहून आलेल्या सैनिकांना विजयाचा निखळ आनंद होत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या वेस्ट बँक आणि गाझाच्या जमिनीवर पुढची सगळी भांडणं झाली, ती याच माणसानं जिंकून दिली होती, हे मात्र विसरता येत नाही.

पुढची वीस वर्षं भरभर. अमेरिकेत राजदूत. १९७४मध्ये पंतप्रधान, इस्रायलच्या भूमीत जन्मलेला पहिला. १९७७मध्ये राजीनामा, कारण पत्नी लेआच्या नावानं वॉशिंग्टनच्या बँकेत डॉलरचं खातं उघडं राहिलं होतं आणि तेव्हाच्या कायद्यानं तो गुन्हा होता. रक्कम फार मोठी नव्हती. आजकालचे घोटाळे ऐकून वाढलेल्या आपल्याला हे गंमतीचं वाटेल. मग पक्षांतर्गत शत्रू शिमॉन पेरेसशी वर्षानुवर्षं चाललेली भांडणं, आणि १९८४पासून संरक्षणमंत्रिपद.

दगड आणि काठ्या

डिसेंबर १९८७मध्ये गाझात एका इस्रायली ट्रकनं पॅलेस्टिनी मजुरांच्या गाड्यांना धडक दिली, चार जण मेले. दुसऱ्या दिवशी जबालियाच्या निर्वासित छावणीतली पोरं रस्त्यावर उतरली. बघता बघता गाझा आणि वेस्ट बँक पेटले. ही पहिली इंतिफादा. बंदुका नाहीत, दगड. दगड मारणारी पोरं १५ ते २० वर्षांची आणि समोर उभे असलेले सैनिकही १८ ते २०चे.

राबिनला सुरुवातीला हे कळलंच नाही. तो अमेरिकेत होता आणि दौरा अर्धा टाकून परत येण्याइतकं त्याला हे गंभीर वाटलं नाही. परत आल्यावर त्यानं धोरण आखलं ते बळाचं. गोळ्या घालून जगभर बदनामी होते, तर काठ्यांनी झोडा. हाडं मोडायला सांगणारा मंत्री, अशी त्याची ओळख पॅलेस्टिनी घराघरांत झाली. नाब्लूसजवळ सैनिक पकडलेल्या तरुणांचे हात दगडांनी ठेचताहेत, हे दृश्य एका अमेरिकी वाहिनीच्या कॅमेऱ्यानं टिपलं. ज्यांचे हात मोडले, त्यांच्यासाठी राबिनचं पुढचं नोबेल ही कडवट थट्टा होती, आणि त्यांना तसं वाटू नये असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

पण याच काळात त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. तो हिशेबी माणूस होता, भावनेनं विचार बदलणारा नव्हता. छावण्यांत जाऊन, अधिकाऱ्यांशी बोलून त्याला दिसलं की समोर सैन्य नाही, अख्खा समाज आहे. सैन्याला हरवता येतं. रोज सकाळी उठून पुन्हा रस्त्यावर येणाऱ्या शाळकरी पोराला हरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर त्याच्या लष्करी अनुभवात कुठेच नव्हतं. शिवाय इस्रायली आईबापांनी आपली पोरं किती वर्षं या कामाला पाठवायची? हळूहळू तो या निष्कर्षाला आला की ताबा ठेवायचा आणि शांतपणे झोपायचं, या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत.

नॉर्वेतलं घर

जून १९९२मध्ये तो निवडणूक जिंकून पुन्हा पंतप्रधान झाला. (त्याच वर्षी जानेवारीत भारतानं इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध सुरू केले होते. अराफत तर दिल्लीचे जुनेच मित्र.) काही महिन्यांत पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा करार करतो, असं त्यानं मतदारांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये त्यानं हमास आणि इस्लामिक जिहादच्या ४१५ लोकांना ट्रकांत भरून ऐन थंडीत दक्षिण लेबनॉनच्या डोंगरात सोडून दिलं. जगभर टीका झाली. जुना राबिन गेलेला नव्हता.

आणि जानेवारी १९९३मध्ये नॉर्वेत बर्फाने वेढलेल्या एका घरात दोन इस्रायली प्राध्यापक आणि अराफतच्या पीएलओची माणसं गुपचूप जेवणाच्या टेबलाशी बसली. मध्यस्थी होती टेर्ये रोड-लार्सन आणि मोना यूल या नॉर्वेजियन दांपत्याची. पीएलओच्या माणसाला भेटणं हा त्या महिन्यापर्यंत इस्रायलमध्ये कायद्यानं गुन्हा होता. राबिनला आधी या उद्योगात फारसा रस नव्हता, पण बोलणी पुढे सरकताहेत म्हटल्यावर त्यानं थांबवली नाहीत. ज्या पेरेसशी त्याचं आयुष्यभर पटलं नाही, त्याच्यासोबत त्यानं हे काम केलं. १९९३च्या सप्टेंबरात इस्रायलनं पीएलओला पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी म्हणून आणि पीएलओनं इस्रायलच्या अस्तित्वाला मान्यता दिली. १३ सप्टेंबरला तो हात पुढे आला. त्या हाताकडे बघतानाचं राबिनचं अवघडलेपण जगानं लाइव्ह पाहिलं.

करारात काय होतं? खरं तर काय नव्हतं, तेच महत्त्वाचं. जेरुसलेम, निर्वासित, ज्यू वसाहती आणि सीमा हे चारही अवघड प्रश्न पुढे ढकलले होते. आधी गाझा आणि जेरिको, मग बाकीचं, आणि पाच वर्षांत अंतिम तोडगा. एडवर्ड सैद यांच्यासारख्या पॅलेस्टिनी विचारवंताला ही शरणागती वाटली. इस्रायलच्या उजव्यांना गद्दारी वाटली. राबिनच्या काळात वसाहतींतली माणसं वाढतच राहिली, हेही खरं.

पाच नंबरची बस

आता भीतीबद्दल. कारण करार कागदावर होतो आणि भीती बसस्टॉपवर असते.

२५ फेब्रुवारी १९९४, रमजानचा महिना. हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज चालू असताना बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतीतल्या डॉक्टरनं मागून गोळीबार केला. २९ माणसं मेली. राबिन हादरला, शरमला. हेब्रॉनच्या मध्यात राहणारे काहीशे वसाहतवाले हलवावेत, असं मंत्रिमंडळात काहींचं म्हणणं होतं, त्याच्याही मनात ते घोळत होतं. त्यानं ते केलं नाही. अंतर्गत संघर्षाची भीती वाटली असावी, 'अल्तालेना' आठवलं असावं. माझ्या मते त्याच्या शेवटच्या पर्वातली ही सगळ्यात मोठी चूक.

एप्रिलमध्ये आफुला आणि हदेरा या गावांत हमासचे आत्मघाती स्फोट झाले. ऑक्टोबरमध्ये एका १९ वर्षांच्या इस्रायली सैनिकाचं अपहरण झालं, सोडवायला गेलेली तुकडी अपयशी ठरली आणि तो मारला गेला. ज्या दिवशी हे घडलं, त्याच दिवशी ओस्लोहून नोबेलची घोषणा झाली. पुरस्कार जाहीर झालेला माणूस रात्री टीव्हीवर अपयशाची जबाबदारी घेत होता. पाच दिवसांनी तेल अवीवच्या भर मध्यवस्तीत, डिझेनगॉफ रस्त्यावर, पाच नंबरच्या बसमध्ये स्फोट झाला. २२ ठार.

आपल्याकडे ११ जुलै २००६ नंतर लोकलमध्ये शिरताना प्रत्येक बेवारस बॅगेकडे मुंबईकर कसे बघायचे, ते घरच्या मोठ्यांना विचारा. तसंच तिथं. आई मुलांना वेगवेगळ्या बसनं पाठवते, म्हणजे एक तरी घरी येईल. आणि प्रत्येक स्फोटानंतर रस्ते बंद, परवाने रद्द. मग गाझातल्या मजुराची रोजी बुडते आणि शांततेनं आपल्याला काय दिलं, हा प्रश्न तोही विचारू लागतो.

राबिननं या काळात दोन फायली वेगळ्या ठेवल्या. एक दहशतवादाची, एक वाटाघाटींची. पहिल्या फायलीत दया नाही, दुसऱ्या फायलीचं काम एकाही स्फोटामुळे थांबणार नाही. त्याचा तर्क सरळ होता. बॉम्ब फुटला की चर्चा बंद, असा नियम केला तर चर्चेचं वेळापत्रक बॉम्बवाल्याच्या हातात जातं. ऐकायला हे सोपं आहे. पण २२ शवपेट्या समोर असताना हे बोलून दाखवायचं, तेही राबिनसारख्या रुक्ष आवाजात, म्हणजे लोकांचा संताप ओढवून घेणं. जानेवारी १९९५मध्ये बेत लिदच्या बसथांब्यावर सुट्टीवरून परतणारे सैनिक स्फोटात मेले, तेव्हा तो तिथं गेला आणि लोकांनी त्याला शिव्या घातल्या. चर्चा थांबवा, असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत राष्ट्राध्यक्षही होता. राष्ट्राध्यक्ष कोण? तोच एझर वाइझमन.

मधेच एक चांगला दिवस आला. तेल अवीवच्या स्फोटानंतर आठवड्याभरात, २६ ऑक्टोबर १९९४ला, जॉर्डनशी शांतता करार झाला. राजा हुसेन आणि राबिन यांची खरीखुरी मैत्री जमली होती. त्या दिवशीचा एक फोटो आहे, हुसेन राबिनची सिगारेट पेटवून देतोय. अराफतबरोबरच्या कुठल्याही फोटोत राबिन इतका मोकळा दिसत नाही.

शुक्रवारची दुपार

सप्टेंबर १९९५मध्ये ओस्लोचा दुसरा करार झाला. वेस्ट बँकचे ए, बी आणि सी असे तीन भाग पडले. ए मध्ये कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी, बी मध्ये सुरक्षा इस्रायलच्या हातात, सी पूर्ण इस्रायलकडे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संसदेत मतदान झालं. बाजूनं ६१, विरोधात ५९. त्या ६१मध्ये अरब खासदारांची मतं होती, म्हणून हे बहुमत खरं नव्हेच, असा प्रचार विरोधकांनी लगेच सुरू केला. त्याच रात्री जेरुसलेमच्या झायन चौकात मोठी सभा झाली. बाल्कनीत विरोधी पक्षनेता बेन्यामिन नेतान्याहू होता आणि खाली गर्दीत राबिनला नाझी गणवेश चढवलेलं चित्र फिरत होतं.

दर शुक्रवारी त्याच्या घराखाली निदर्शक जमायचे. लेआनं नंतर सांगितलं आहे की तुम्हा नवरा-बायकोला मुसोलिनीसारखं उलटं टांगू, अशा घोषणा तिनं दारातून आत जाताना ऐकल्या. काही कडव्या धर्मगुरूंनी त्याच्या घरासमोर मृत्यूचा शाप देणारा विधी केला. एका तरुणानं पंतप्रधानाच्या कॅडिलॅकचं बॉनेटवरचं चिन्ह उखडलं आणि ते कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, गाडीपर्यंत पोचलो तसे माणसापर्यंतही पोचू अशा अर्थाची धमकी देत. तो तरुण म्हणजे इतामार बेन-ग्वीर. २०२२च्या अखेरीस तो इस्रायलचा राष्ट्रीय सुरक्षामंत्री झाला.

राबिनही काही कमी नव्हता. वसाहतवाल्यांविषयी तो तुच्छतेनं बोलायचा, त्यांची भीती समजून घ्यायचा प्रयत्न त्यानं क्वचितच केला. पॅलेस्टिनींशी बोलणी करायला त्यानं चाळीस वर्षांचा राग गिळला, घरातल्या विरोधकांशी बोलायला तेवढा संयम त्याच्याकडे उरला नव्हता. गुप्तचर संस्थेचा, शिन बेतचा, प्रमुख कार्मी गिलॉन मात्र बेचैन होता. धोका या वेळी आतून आहे, असं तो राजकारण्यांना, पत्रकारांना भेटून सांगत होता. ज्यू माणूस ज्यू पंतप्रधानाला मारेल, यावर बहुतेकांचा विश्वास बसत नव्हता. राबिनचाही नाही.

एक हुशार विद्यार्थी

यिगाल आमीर २५ वर्षांचा होता. तेल अवीवजवळच्या बार-इलान विद्यापीठात कायदा शिकत होता. वर्गात हुशार, बोलण्यात पटाईत, संघटनकौशल्य असलेला. आठवड्याच्या सुट्टीला विद्यार्थ्यांच्या बसेस भरून हेब्रॉनला आणि इतर वसाहतींत तो न्यायचा, शेकडो मुलंमुली यायची. आपल्या कॉलेजात फेस्टिव्हल उभा करणारा, प्रत्येक वर्गात ओळख असणारा एखादा सिनियर असतो ना, बाहेरून तसाच. गोल्डस्टाइनबद्दल त्याला आदर होता. आपला जीव घ्यायला धावून येणाऱ्याला आधीच मारावं, हा जुना धर्मशास्त्रीय नियम त्यानं राबिनला लावला आणि आपलं मन घट्ट केलं. त्याआधीही त्यानं राबिनच्या कार्यक्रमांत जाऊन संधी शोधली होती.

४ नोव्हेंबर १९९५, शनिवारची रात्र. तेल अवीवच्या 'किंग्ज ऑफ इस्रायल' चौकात शांततेच्या बाजूनं सभा होती. राबिनला जावं की नाही असं वाटत होतं. लोक येतील का? रिकाम्या चौकात पंतप्रधान उभा, हा फोटो विरोधकांना आयताच मिळायचा. आले एक लाखाहून जास्त, आणि त्यात तरुण पोरंपोरी खूप. राबिन त्या रात्री हसत होता, त्यानं पेरेसला मिठी मारली, जे ओळखीच्या लोकांनीही कधी पाहिलं नव्हतं. भाषणात त्यानं हिंसेनं लोकशाही कशी पोखरली जाते ते सांगितलं. शेवटी शांततेचं गाणं झालं. याचा आवाज बेसूर, गाणं पाठ नाही, म्हणून हातात शब्दांचा कागद. गाणं संपल्यावर कागदाची घडी घालून त्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मागच्या जिन्यानं उतरून तो गाडीकडे निघाला. आमीर तिथंच पार्किंगमध्ये बराच वेळ उभा होता. एखाद्या सरकारी गाडीचा ड्रायव्हर असेल म्हणून त्याला कुणी हटकलं नाही. आधी पेरेस उतरला, आमीरनं त्याला जाऊ दिलं. मग राबिन आला. तीन गोळ्या. दोन राबिनला लागल्या, एक अंगरक्षकाला. गोळ्या खऱ्या नव्हेत, असं सुरुवातीला कुणीतरी ओरडलं आणि लेआलाही तेच सांगितलं गेलं. इचिलोव्ह रुग्णालय तिथून अगदी जवळ. रात्री अकरा वाजून गेल्यावर तो गेल्याचं जाहीर झालं. खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग होता.

नंतर

पुढचे कित्येक दिवस त्या चौकात शाळा-कॉलेजातली मुलं जमिनीवर मांडी घालून, मेणबत्त्या लावून बसली होती. तिथल्या लोकांनी त्यांना मेणबत्त्यांची पिढी असंच नाव दिलं. मारणारा विद्यार्थीच आणि रडणारेही विद्यार्थीच. बार-इलानमध्ये आमीरच्या बाकावर बसलेल्या मुलांनी नंतर वर्गात काय केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अंत्ययात्रेला राजा हुसेन आला, १९६७नंतर पहिल्यांदाच जेरुसलेममध्ये. याच शहरात १९५१मध्ये अल-अक्सा मशिदीच्या दारात त्याच्या आजोबांना, राजा अब्दुल्लांना, गोळी घातली गेली होती. इस्रायलशी बोलणी करतो हा संशय. नातू तेव्हा १५ वर्षांचा होता आणि शेजारीच उभा होता.

अराफतला सुरक्षेच्या कारणानं अंत्यविधीला येऊ दिलं नाही. काही दिवसांनी एका रात्री तो गुपचूप तेल अवीवला लेआच्या घरी आला. डोक्यावरचा तो नेहमीचा रुमाल काढून, उघड्या डोक्यानं, सोफ्यावर घरच्यांसोबत बसला. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या.

चौकशी आयोगानं शिन बेतच्या चुका दाखवल्या, गिलॉननं राजीनामा दिला, आमीरला जन्मठेप झाली. पंतप्रधान झाला पेरेस. १९९६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमासनं लागोपाठ स्फोट घडवले, सुमारे ६० माणसं मेली. मे महिन्यातल्या निवडणुकीत एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकानं नेतान्याहू जिंकला.

राबिन जगला असता तर? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याचं ऑक्टोबर १९९५चं संसदेतलं भाषण जरूर वाचावं. पॅलेस्टिनींना पूर्ण राज्य द्यायला तो तेव्हाही तयार नव्हता. जेरुसलेम अखंड इस्रायलकडेच, आणि सुरक्षेची सीमा जॉर्डन खोऱ्यात, हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. पण हाच माणूस १९८८मध्ये काठ्या वाटत होता आणि १९९३मध्ये हात मिळवत होता, त्यामुळे २०००मध्ये तो कुठे असता, ते कोण सांगणार.

ए, बी, सीचा तो नकाशा मात्र तात्पुरता होता. मे १९९९पर्यंत अंतिम करार व्हायचा होता आणि मग ही अक्षरं पुसली जायची होती. वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग आजही सी मध्ये येतो. तिथल्या एखाद्या पॅलेस्टिनी घरावर नवी खोली चढवायची, तर परवानगीचा अर्ज अजूनही इस्रायली लष्करी प्रशासनाकडेच करावा लागतो.